‘काही नाही झालं हो तुम्हाला’ हे म्हणणं आता थांबवा

वाचक लिहितात

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत, बँकेत आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या शाखेतले एक सहकारी दुपारी डबा खाता खाता कोसळले आणि गेले. तेव्हापासून ह्यांच्या छातीत दाब येतो, डाव्या हाताला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. रामदासपेठ आणि धंतोली मिळून सहा डॉक्टर झाले. ईसीजी किती काढले ते मी मोजत नाही. दोनदा इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदा टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, एकदा अँजिओग्राफी, पोटातला गॅस असेल म्हणून एंडोस्कोपीसुद्धा. सगळं नॉर्मल. रिपोर्ट हातात आला की खूश असतात, सीताबर्डीच्या बाजारातून येताना मुलीसाठी काहीतरी घेऊन येतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. बीपीचं मशीन उशाशी असतं. रात्री दोन वाजता मला उठवून विचारतात, ‘मला काही होणार तर नाही ना?’ मी म्हणते, ‘काही नाही झालं हो तुम्हाला, झोपा.’ सकाळचं फिरणं बंद, गाडी चालवणं बंद, जिना चढणं बंद.

दीर म्हणतात नाटक आहे, पुरुषमाणसाला असं कुठं होतं. सासूबाई काटोलहून आल्या की ‘याले कोणाची तरी नजर लागली’ म्हणून दृष्ट काढतात. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव लिहून दिलं, तर हे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. म्हणे, ‘मी काय पागल आहे?’

ह्यांना काही झालेलं नाही हे कसं पटवून देऊ? हृदयाचेच डॉक्टर आहेत असं सांगून मानसोपचारवाल्यांकडे नेलं तर चालेल का? मुलगी बारावीला आहे. माझीही मान वर्षभर दुखते आहे, पण ते जाऊ द्या.

— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर

ताई, नमस्कार.

फसवून नेण्याचा प्रश्न आधी निकालात काढते. नको. दवाखान्याच्या दारावर पाटी असते आणि तुमच्या मिस्टरांना वाचता येतं. पाटी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. ‘डॉक्टर माझ्यापासून काहीतरी लपवताहेत’ ही शंका घेऊन जो माणूस दीड वर्ष जगतो आहे, त्याला बायकोही लपवते हे एकदा कळलं, की पुढच्या कुठल्याच नॉर्मल रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

आता पटवून देण्याचं. मनगटातून किंवा मांडीतून हृदयापर्यंत नळी नेऊन केलेल्या अँजिओग्राफीनं ज्यांना पटलं नाही, त्यांना रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत तुम्ही काय पटवणार? आणि मुळात तुमचं वाक्यच खरं नाही. त्यांना झालेलं आहे. छातीत दाब येतो तो येतोच. मुंग्या येतात त्या येतातच. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्या तपासणीत जे शोधलं ते सापडलं नाही, एवढंच. ‘याला त्रास होत नाही’ असं सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

मग हा त्रास येतो कुठून? भीती वाटली की शरीरात अॅड्रिनलिन सुटतं. ठोके वाढतात, बरगड्यांमधले स्नायू आवळले जातात, छाती जखडल्यासारखी होते. श्वास उथळ आणि भराभर चालतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. यात मनाचे खेळ वगैरे काही नाही, सगळं मोजता येण्यासारखं आहे. मुंग्या बहुतेक दोन्ही हातांना येत असतील. पण डाव्या हाताची चौकशी दिवसातून पन्नास वेळा होते, उजव्याकडे कोणी बघत नाही.

लक्ष दिल्यानं काय होतं ते बघायचं असेल तर आत्ता उवांचा विषय काढते. थोड्या वेळानं तुमचा हात डोक्याकडे जाईल. माझंच सांगते. मेडिकलला शिकत असताना गाठींच्या कॅन्सरचं प्रकरण वाचलं आणि त्याच रात्री मला मानेत गाठ सापडली. तीन आठवडे मी ती तासातासाला दाबून बघत होते. दाबून दाबून ती जागा सुजली, दुखायला लागली, आणि गाठ वाढते आहे याची माझी खात्रीच झाली. शेवटी एका सिनियरनं माझा हात धरून मानेच्या दुसऱ्या बाजूला लावला. तिथंही तशीच गाठ होती. ती सगळ्यांनाच असते. आमच्या वर्गात त्या वर्षी निम्म्या मुलांना काही ना काही झालेलं होतं, फक्त कोणी सांगत नव्हतं.

मी त्या सिनियरच्या हातून सुटले. तुमचे मिस्टर सुटलेले नाहीत, कारण त्यांच्यासमोर एक माणूस डबा उघडा टाकून गेला. ते दृश्य डोक्यात आहे आणि तिथून चाक फिरतं आहे. छातीत जरा काही झालं की शंका, शंका आली की तपासणी, तपासणी झाली की हायसं, आणि हायसं ओसरलं की पुन्हा छातीकडे लक्ष. पहिल्या ईसीजीनं बहुधा दोन-तीन महिने बरे गेले असतील. आता चार दिवस पुरतो. खाज सुटली की खाजवावं आणि खाजवलं की आणखी सुटावी, तसं हे आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं ‘काही नाही झालं हो’ हाही एक ईसीजीच आहे. फुकटचा, चोवीस तास मिळणारा.

या दुखण्याला नाव आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या २०१३ च्या ग्रंथात त्याला ‘सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर’ म्हटलं आहे. ‘सोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये शरीर. त्याआधी अशा निदानांमध्ये मोठा भर असायचा तो ‘तपासणीत कारण सापडत नाही’ यावर. २०१३ ला तो काढला, आणि मला तरी हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. आता बघतात ते असं: शरीराचा काहीतरी त्रास आहे, आणि त्या त्रासाभोवतीचे विचार, काळजी आणि त्यात जाणारा वेळ यांनी माणसाचं रोजचं जगणं व्यापून टाकलं आहे. साधारण सहा महिन्यांहून जास्त. म्हणजे ज्याला खरोखर हृदयविकार आहे त्यालाही हा विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, जवळपास हेच ‘बॉडिली डिस्ट्रेस डिसऑर्डर’ या नावानं आहे.

या व्याख्येवर टीकाही झाली. डीएसएमच्या आधीच्या, १९९४ च्या आवृत्तीचं काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं त्या अॅलन फ्रान्सिस यांनीच २०१३ मध्ये लिहिलं, की अशानं खरोखरच्या आजारी माणसांवर मानसिक रुग्ण म्हणून शिक्का बसेल. त्यात तथ्य आहे. म्हणून मीही तुमच्या पत्रावरून शिक्का मारत नाही. हा त्रास अचानक उसळून दहा मिनिटांत कळस गाठतो आणि मग ओसरतो असं असेल, तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं का, तुम्ही लिहिलेलं नाही. महागड्या तपासण्यांच्या गर्दीत ह्या साध्या राहून जातात, हे मी कितीदा पाहिलं आहे. मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही छातीत दुखण्याची काही कारणं असतात, तीही एका हृदयरोगतज्ज्ञानं नीट बघून ‘हे संपलं’ असं लिहून द्यायला हवं.

आता दिरांचं नाटक. आजारपणाचं ढोंग करणारी माणसं असतात. रजा हवी, क्लेम हवा, पोलिसांपासून सुटका हवी. तो आजार नाहीच, ती लबाडी. दुसरा एक विचित्र प्रकार म्हणजे फॅक्टिशस डिसऑर्डर. यात माणूस पैशासाठी नाही, तर रुग्ण होण्यासाठीच लक्षणं रचतो, प्रसंगी स्वतःला इजाही करून घेतो. तो आजार आहे, पण विरळा. तुमच्या मिस्टरांना यातून काय मिळतं आहे? झोप गेली, फिरणं गेलं, पैसा गेला. नाटक करणारा माणूस रात्री दोन वाजता, एकच प्रेक्षक आणि तोही झोपलेला असताना, प्रयोग लावत नाही. हे दिरांना माझ्या नावानं सांगा.

पुरुषमाणसाला होत नाही, हे तर फारच जुनं. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला, कारण हे बायकांचंच असतं असं शतकानुशतकं मानलं गेलं. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयातले मज्जासंस्थेचे डॉक्टर शार्को यांनी १८८० च्या दशकात धडधाकट कामगार पुरुषांच्या केसेस मांडल्या. अपघातातून किरकोळ दुखापतीनं वाचलेले, आणि नंतर हात लुळा पडलेले, पाय न उचलणारे. ऑक्टोबर १८८५ मध्ये तरुण फ्रॉइड तिथं शिकायला गेला आणि व्हिएन्नाला परतल्यावर त्यानं पुरुषांमधल्या हिस्टेरियावरच व्याख्यान दिलं. म्हणजे दिरांचं मत सव्वाशे वर्षांहून जास्त मागे आहे. हात-पाय लुळे पडणं, वाचा जाणं, मिरगीसारखे झटके येणं, या प्रकाराला आता फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. आणि लक्षण फारसं नसताना नुसत्या ‘मला मोठा आजार आहे’ या धास्तीनं जो पोखरला जातो, त्याची इलनेस अँक्झायटी. ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडं. तुमच्या घरी त्यातलं कोण आलं आहे ते समोर बसून विचारल्याशिवाय कळणार नाही.

उपचाराची सुरुवात मात्र मानसोपचारापासून करू नका. सुरुवात करा सहा डॉक्टरांचा एक डॉक्टर करण्यापासून. तुमचे फॅमिली डॉक्टर मला बरे वाटले, त्यांनी योग्य वेळी चिठ्ठी दिली. सगळ्या फायली त्यांच्याकडे ठेवा. त्यांना विनंती करा की दर चार ते सहा आठवड्यांनी ठरलेल्या तारखेला ह्यांना बघायचं, त्रास असो की नसो. हे ऐकायला उलटं वाटतं, पण आज तुमच्या घरी डॉक्टर भेटण्याचं तिकीट म्हणजे छातीत दुखणं. तारीख आधीच हातात असली की दुखण्याला ते काम उरत नाही. त्या भेटीत डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतील, पाच मिनिटं ऐकतील. नवी तपासणी लिहायची की नाही ते तेच ठरवतील, तुमचे मिस्टर नाही, यूट्यूब नाही, आणि तुमच्या वॉट्सअॅप ग्रुपवरचे हितचिंतक तर नाहीच नाही.

त्याच डॉक्टरांनी मानसोपचाराचा विषय काढावा. आणि ‘हे मनाचं आहे’ असं म्हणून काढू नये, कारण ते ऐकताना माणसाला ‘हे खोटं आहे’ असंच ऐकू येतं. असं म्हणता येईल: ‘तुमचा त्रास खरा आहे. हृदयाच्या पुरेशा तपासण्या झाल्या. आता हा त्रास कमी कसा करायचा हे शिकवणाऱ्या माणसाची गरज आहे, आणि मीही तुम्हाला बघतच राहणार आहे.’ शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्याकडे पाठवणं म्हणजे हाकलून देणं नाही, हे त्यांना कळायला हवं.

‘मी काय पागल आहे?’ यावर मला राग येत नाही. आपल्या गावात रिक्षावाल्याला प्रादेशिक मनोरुग्णालय सांगितलं तर तो दोनदा विचारतो, पागलखाना चौक म्हटलं की बरोब्बर नेऊन सोडतो. ज्या शहरात चौकाचं नावच असं रूढ झालं आहे, तिथं बँकेतल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. तुम्हाला तिकडे जायचं नसेल तर शासकीय मेडिकल कॉलेजच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या मानसोपचार ओपीडीत जा. तिथल्या रांगेत बाकी ओपीडीच्या रांगेतलेच लोक दिसतात, डबा घेऊन आलेले. तेही जड जात असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास असते, मोफत असते, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालेल.

तिथं गेल्यावर काय करतात? मुख्य उपचार बोलण्याचा, त्याला सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात. ‘लहानपणी काय झालं’ असं खोदत बसत नाहीत. छातीत दाब आला की मनात पहिलं वाक्य कोणतं येतं, त्यावर तुम्ही काय करता, आणि ते न करता दहा मिनिटं थांबलं तर काय होतं, हे करून बघायला लावतात. घरचा अभ्यास देतात. काही जणांना नैराश्यावरच्या गटातली औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पाचव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करायची नाहीत, आणि मनानं एकदम सोडायचीही नाहीत. त्यांची सवय लागते ही भीती लोकांना फार असते. सवय लागते ती दुसऱ्याच गोळीची. मेडिकल स्टोअरवाल्याशी ओळख आहे म्हणून मिळणारी ती घबराट शमवणारी लहानशी अल्प्राझोलामची गोळी तुमच्या घरात आहे का, जरा बघा. असेल तर एकदम बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा.

फिरणं बंद झालं आहे याची मला छातीच्या दाबापेक्षा जास्त काळजी वाटते. दीड वर्ष बसून राहिलेल्या माणसाला एक जिना चढलं तरी धाप लागते, आणि ती धाप त्यांना पुरावा वाटते. म्हणून हळूहळू. डॉक्टरांची परवानगी घेऊन पहिला आठवडा गल्लीच्या टोकाच्या पोहेवाल्यापर्यंत, तर्री न घेता परत यायचं. मग बगीच्यापर्यंत. महिन्याभरानं अंबाझरी तलाव. उन्हाळ्यात सहाच्या आत, नाहीतर आपल्याकडच्या मे महिन्यात बऱ्या माणसाचाही जीव घाबरा होतो. आणि तुम्ही रोज सोबत जाऊ नका. पहिले चार दिवस जा, मग मुलीला पाठवा, मग एकटे.

आता रात्रीचे दोन. हे ऐन रात्री सुरू करायचं नाही. दिवसा, चहा घेताना सांगायचं: ‘तुम्ही विचारता आणि मी काही नाही म्हणते, त्यानं तुम्हाला घटकाभर बरं वाटतं आणि मग जास्त वाईट वाटतं. म्हणून आजपासून मी ते म्हणणार नाही. रुसून नाही, ठरवून.’ मग रात्री विचारलं की एवढंच: ‘भीती वाटतेय ना? मी आहे इथं. छातीचं आपण तारखेला डॉक्टरांशी बोलू.’ हात धरा, पाठीवर हात ठेवा, हवं तर पाणी द्या. पण निकाल देऊ नका. पहिले आठ-दहा दिवस त्रास वाढेल, ते चिडतील, ‘तुला माझी पर्वा नाही’ असंही म्हणतील. तेव्हा तुमचा धीर सुटून एकदा जरी तोंडातून ‘काही नाही झालं हो’ निघालं तरी जगबुडी होत नाही, दुसऱ्या रात्री पुन्हा ठरलेलं वाक्य. बीपीचं मशीन उशाशी नको, कपाटात. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी, म्हणतील तेवढ्या वेळा. घाबरून पाठोपाठ पाच वेळा मोजलं तर पाच वेगळे आकडे येणारच, कारण रक्तदाब हा दर ठोक्याला बदलणारा प्रकार आहे.

यात एक गोष्ट सोडून द्यायची नाही. आजवर झाला तसा नसलेला, नवा त्रास झाला, म्हणजे चालता-चढताना छातीत जड होऊन थांबल्यावरच कमी होणं, दरदरून घाम, जबड्यात किंवा खांद्यात सरकणारं दुखणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, तर माझं हे सदर बाजूला ठेवायचं आणि सरळ इमर्जन्सी गाठायची. या विकारानं हृदयाचा विमा उतरत नाही. कोणत्या त्रासाला धावायचं याचा कागद फॅमिली डॉक्टरांकडूनच लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. कागदात नसलेल्या त्रासाला तारीख.

सासूबाईंनी दृष्ट काढली तर काढू द्या. मीठ-मोहऱ्यांनी कोणाचं नुकसान झालेलं नाही, आणि लेकासाठी त्या माउलीलाही काहीतरी करायचं असतं. गोळ्या बंद करून कोण्या बाबाकडे न्यायची गोष्ट निघाली, तर मात्र तिथं तुम्ही आडव्या या.

त्या सहकाऱ्याबद्दल ह्यांच्याशी कोणी बोललं आहे का? तुमच्या सबंध पत्रात ती एक ओळ आहे. डबा खाता खाता गेलेला माणूस ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होता का, ह्यांनी त्याला उचललं का, शाखा दुसऱ्या दिवशी तशीच उघडली का, तुम्हाला माहीत आहे? एखाद्या रविवारी विचारा. छातीबद्दल नाही, त्याच्याबद्दल.

आणि तुमची मान. ‘ते जाऊ द्या’ असं लिहिलं आहे तुम्ही. ज्या घरात एका माणसाच्या दुखण्याची सहा डॉक्टरांची फाईल आहे, त्याच घरात दुसऱ्या माणसाचं वर्षभराचं दुखणं पत्राच्या शेवटी चार शब्दांत येतं. उशी उंच आहे का, कॉम्प्युटरवर काम करता का, हातात मुंग्या किंवा पकड सैल असं काही आहे का, मला काहीच माहीत नाही. तुमची वेळ घ्या, ह्यांच्या तारखेच्या आधीची, आणि एकट्या जा. काय म्हणाले ते पुढच्या पत्रात पहिल्या ओळीत लिहा.